देव किती ते सांग

देवरीच्या महाविद्यालयात मी रुजू झाले तेव्हा प्राचीन ग्रीसचा पेपर माझ्या गळ्यात पडला, कारण तो दुसऱ्या कोणाला नको होता. विभागात आम्ही दोघंच. विभागप्रमुखांनी मराठ्यांचा इतिहास आणि स्वातंत्र्यलढा स्वतःकडे ठेवला आणि मला म्हणाले, "तुम्ही नव्या आहात, तुम्ही ग्रीस घ्या." वर्गात तीस-पस्तीस मुलं असायची. निम्मी गावातली, दुकानदारांची आणि नोकरदारांची. निम्मी जंगलातल्या गावांमधून महामार्गावर चालत येऊन बस पकडणारी. त्यांची बस चुकली की तास चुकायचा.

ती मुलगी बसने येणाऱ्यांतली. छत्तीसगढच्या सीमेकडे तिचं गाव. बापाचा धानाचा एक बारका तुकडा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, त्याआधी मोहफूल. गोंडाचं घर. आश्रमशाळेत शिकलेली. वर्गात ती फार बोलायची नाही, पण बोलली की प्रश्नच विचारायची, आणि तो प्रश्न नोट्समध्ये नसायचा.

एका तासाला मी फळ्यावर चार शब्द लिहिले: रक्त, भाषा, देव, चालीरीती. ग्रीक माणूस कोण, तर ज्याच्या या चार गोष्टी आपल्यासारख्या तो, असं त्यांच्याच एका जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलं होतं. परीक्षेला हा प्रश्न हमखास यायचा. मुलं उतरवून घेत होती. मी सांगत गेले, की हे लोक आधी स्वतःला एक समजतच नव्हते. प्रत्येक नगर वेगळं, एकमेकांशी लढणारं. मग पूर्वेकडून इराणचा राजा चालून आला, आणि समोर परका दिसल्यावर यांना आपण सगळे एक आहोत हे सुचलं. त्यांच्या कवींनी त्या एकपणाला एक मूळपुरुषही शोधून दिला, त्याला मुलं-नातवंडं दिली, आणि प्रत्येक शाखेला एकेक पूर्वज वाटून दिला. ज्यांची भाषा कळत नाही त्यांचं बोलणं त्यांना 'बर बर बर' असं ऐकू यायचं, म्हणून बाकीच्या सगळ्या जगाला त्यांनी रानटी ठरवलं.

मागच्या बाकावरच्या देवरीतल्याच एका मुलाने जंगलाकडच्या मुलांकडे बघून 'गुर्र गुर्र' केलं. वर्ग हसला. मी त्याला उभं केलं आणि रागावले. पण रागवण्याच्या आधी एक क्षण मलाही हसू आलं होतं. ते मी ओठांत दाबलं. कोणी पाहिलं नसेल असं तेव्हा वाटलं होतं.

हसणं थांबल्यावर ती उभी राहिली. "मॅडम, हे तपासत कोण होते?"

"काय तपासत?"

"हेच. रक्त, देव. हा ग्रीक आहे का नाही, हे."

मी तिला खेळांच्या जत्रेबद्दल सांगितलं. तिथे फक्त ग्रीकांनाच उतरता यायचं आणि पंच आधी पारखून घ्यायचे. एकदा उत्तरेच्या डोंगराकडचा एक राजा आला. बाकीचे धावणारे म्हणाले, हा आपल्यातला नाही. त्याने सांगितलं, माझे पूर्वज दक्षिणेतल्या अमुक नगरातून आले. पंचांनी मान्य केलं.

"त्याच्याजवळ कागद होता का?"

"कागद कुठला. गोष्ट होती."

"गोष्टीवरच घेतलं?"

"राजा होता ना."

ती बसली. तिच्या शेजारची मुलगी वहीत 'राजा होता' असं लिहीत होती.

मी मूळची कामठ्याची. आमचं घर छप्पनच्या धर्मांतराचं. माझे वडील तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे होते. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने फडक्यात बांधून पाण्यात सोडले होते, आणि ते मरेपर्यंत ही हकीकत ताठ मानेने सांगायचे. आम्ही कोण हे आम्ही ठरवलं, असं मला लहानपणापासून वाटत आलं. गोंदियाला शिकताना खोलीची मालकीण हिंदीत विचारायची, "आप लोग क्या मानते हो?" आणि मी उत्तर दिल्यावर पाण्याचा माठ आतल्या बाजूला सरकवायची, तेव्हाही मी मनात म्हणायची, तुझा माठ तुला लखलाभ. या ताठपणाचाच पुढे मी त्या मुलीच्या घरी जाऊन विचका केला.

बी.ए. झाल्यावर तिला बी.एड.ला जागा मिळाली. आदिवासींच्या राखीव जागेवर. अट अशी, की ठरलेल्या मुदतीत जातीच्या दाखल्याची पडताळणी करून आणायची. त्यात एक खोट निघाली. आजोबाच्या जमिनीच्या कागदावर 'गोंड' होतं, पण बापाच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात कोण्या मास्तरने नुसतं 'हिंदू' लिहून ठेवलेलं. आळसाने लिहिलं असेल, किंवा त्याला तेवढंच माहीत असेल. आता कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून घरची चौकशी होणार आणि मग समितीपुढे सुनावणी.

ती माझ्या खोलीवर आली. "मॅडम, ते काय विचारतात?"

मी इकडेतिकडे विचारून घेतलं. तहसीलसमोर अर्ज टाईप करून देणारा एकजण म्हणाला, की साहेब लोकांकडे एक जाडं पुस्तक असतं, त्यातूनच विचारतात. कोणाचे देव किती, लग्नात काय करतात, मेल्यावर काय करतात. तसलंच एक पुस्तक आमच्या ग्रंथालयात होतं. कोण्या जुन्या साहेबाने लिहिलेलं, पानं पिवळी पडलेली, वाळवीचा वास. मी ते घरी आणलं.

लागोपाठ तीन रविवार मी तिला समोर बसवून शिकवलं. हे आठवलं की मला आजही स्वतःची शिसारी येते. गोंडाच्या मुलीला गोंड कसं असायचं हे मी पुस्तकातून शिकवत होते. ती पाठ करत होती, मी विचारत होते, चुकलं की परत सांगत होते. ग्रीसच्या तासाला जशी आवाज चढवायची तसाच चढवत होते.

एका रविवारी ती अडली. "मॅडम, आमच्या घरी सहा देव सांगतात."

मी पान उलटून पाहिलं. तिच्या आडनावापुढे सात लिहिलं होतं. गोंडांमध्ये कोणाचे चार देव, कोणाचे पाच, कोणाचे सहा, कोणाचे सात, आणि त्यावरून सोयरीक जुळते, एवढं मला त्याच पुस्तकातून कळलं होतं.

"इथं सात आहेत."

"मग आमचा बा चुकते का?"

"तो चुकत नाही गं. तिकडच्या भागातले सात मानत असतील. पण साहेब पुस्तक बघतात. तू सात सांग."

"सहावाले आन् सातवाले आमच्यात सोयरे होतात, मॅडम. माझा मामा सातवाला. मी सात सांगतलं तं तोच माझा भाऊ होते."

"तिथे लग्न जमवायला जायचं नाही आहे तुला," मी म्हणाले. "सात."

तिने वहीत सात लिहिलं.

चौकशीच्या आधी मी तिच्या घरीही जाऊन आले. शेणाने सारवलेली ओसरी, बाहेर मोहफूल वाळत घातलेलं, आणि आत मातीच्या भिंतीवर रंगीत गणपतीचं कॅलेंडर. मी बापाला विचारलं, हे काय. तो म्हणाला, "पोट्टीनं बजारातून आणलं. दिसाले चांगलं आहे."

"ते काढा. साहेब येण्याच्या आधी."

"काऊन?"

"हिंदूंचा देव आहे. ते म्हणतील, हे आदिवासी नाहीत."

"आमचा बडादेव तं साजाच्या झाडाखाली आहे, मॅडम. तो कॅलेंडरले काय करते?"

मी त्याला समजावलं. माझा सूर समजावण्याचा होता, पण होता तो हुकूमच. शेवटी तो म्हणाला, "तुमी शिकलेल्या. तुमी म्हणता तं काढतो." आणि त्याने खिळ्यावरून कॅलेंडर उतरवून गुंडाळी करून आढ्यात खोचलं. माझ्या वडिलांना देव पाण्यात सोडायला कोणी बाहेरून येऊन सांगितलं नव्हतं. हा फरक मला तिथे उभं असताना सुचला नाही. बसमध्येही सुचला नाही.

चौकशीला दोन साहेब जीपने आले. मी तेव्हा कॉलेजात होते. काय झालं ते तिने दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात उभं राहून सांगितलं, वर्गात उत्तर द्यावं तसं, एका सुरात.

पहिल्यांदा त्यांना भिंतीवर धुरकटलेल्या मातीत एक स्वच्छ चौकोन दिसला. "इथे काय होतं?" बाप म्हणाला, कॅलेंडर. "कशाचं?" बाप खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, गणपतीचं. "मग काढलं का?" बापाने वर आढ्याकडे पाहिलं. एका साहेबाने ते लिहून घेतलं.

मग त्यांनी देव विचारले. बापाने सहा सांगितले, नावंही सांगितली. सात सांगायचे हे मी बापाला सांगायला विसरले होते. खरं म्हणजे बापाला विचारतील असं मला वाटलंच नव्हतं. मला वाटलं, शिकलेल्या माणसालाच विचारतात.

मग त्यांनी आईला बाहेर बोलावलं. गोंदण आहे का म्हणाले. आईने हात पुढे केले. "पायावरचं दाखवा." आईने लुगडं पोटरीपर्यंत वर केलं. एकाने वाकून फोटो काढला. दुसरा म्हणाला, "वर अजून आहे का?"

"मग?" मी विचारलं.

"बा उठून उभा झाला. मग तेच म्हणाले, राहू द्या."

खालच्या मैदानात मुलं कबड्डी खेळत होती. मी तिला म्हणाले, "सुनावणीला मी येते तुझ्यासोबत." तिला धीर यावा म्हणून म्हणाले, आणि थोडं माझ्या स्वतःच्या समाधानासाठीही.

सुनावणी मोठ्या शहरात होती. पहाटेच्या बसने निघालो आणि अकराला तिथे पोचलो. बाहेरच्या बाकांवर आमच्यासारखी वीसेक माणसं बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. एक म्हातारा नातवाला हळू आवाजात देवांची नावं पाठ करून घेत होता. नातू जीन्समध्ये होता. ते पाहून मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी दुसरीकडे बघू लागले.

आमचा नंबर दुपारी लागला. आत टेबलामागे तिघे होते. मधले समोसा खात होते. हात न पुसता त्यांनी तिची फाईल ओढली. आजोबाच्या जमिनीचा तो जुना कागद, जो तिच्या बापाने पत्र्याच्या पेटीत इतकी वर्षं जपला होता, त्याच्या कडेला तेलाचा अंगठा उमटला. पूर्ण सुनावणीभर माझं लक्ष त्या डागाकडे जात राहिलं. तो पसरत होता.

"देव किती ते सांग."

"सात."

मधले हसले. डावीकडच्यांकडे बघून म्हणाले, "बघा. बाप सहा म्हणतो, मुलगी सात म्हणते." मग तिला, "घरात दोन मतं आहेत का तुमच्या?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी पान उलटलं.

"बरं, गोंडी बोल."

"घरी आमी तिकडची बोली बोलतो, साहेब. छत्तीसगढी मिसळलेली. गोंडी आजा बोलत होता."

"तुला येत नाही?"

"आश्रमशाळेत बोललं तं मारत होते."

हे तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं. उजवीकडच्यांनी मान वर न करता लिहिलं. ते काय लिहीत आहेत ते मला उलट्या बाजूने वाचता आलं: 'भाषा अवगत नाही.' कोणामुळे, हे त्या कागदावर लिहायला जागा नव्हती.

"पाण्याला काय म्हणतात?"

"येर."

"एवढं तर कोणीही सांगेल." ते समोशाचा दुसरा तुकडा मोडत म्हणाले. "लग्नातलं एखादं गाणं म्हण."

तिने टेबलाच्या कडेकडे बघत दोन ओळी म्हटल्या. आवाज अगदी बारीक. तिसऱ्या ओळीला फोन वाजला आणि मधल्या साहेबांनी तिला हाताने थांबवून घरच्या कोणाशी तरी गॅस सिलिंडरबद्दल बोलणं केलं. फोन ठेवल्यावर गाणं पुरं करायला कोणी सांगितलं नाही.

मग उजवीकडचे म्हणाले, "पाळी आली की तुमच्यात बाई कुठे बसते? घरात, की बाहेर? तू कुठे बसतेस?"

तीन पुरुष, एक उघडं दार, दाराबाहेर शिपाई. मी म्हणाले, "साहेब, हा प्रश्न असा विचारू नका."

"तुम्ही कोण?"

"मी तिची प्राध्यापिका आहे."

"जात कोणती तुमची?"

"बौद्ध."

"मग तुम्हाला यातलं काय कळणार?" मधले हसत म्हणाले. त्यांनी रुमाल काढून बोटं पुसली, एक एक करून, आणि मग एकदम माझ्याकडे बघून विचारलं, "की तुम्हीच पढवून आणलीत हिला?"

इथे मी बोलायला हवं होतं. हो म्हणाले असते, सात मी सांगितले, पुस्तकातून सांगितले, घरी सहाच आहेत, कॅलेंडरही मीच उतरवायला लावलं, तर निदान विसंगती कुठून आली ते कागदावर गेलं असतं. पण मला माझी नोकरी दिसली. तात्पुरती नेमणूक, दरवर्षी नवा आदेश. प्राचार्यांना पत्र जाईल, हे दिसलं. मी म्हणाले, "नाही. मी फक्त सोबत आले."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, जसं एखाद्याचं हस्ताक्षर लागत नाही तेव्हा आपण बघतो.

बाहेर आल्यावर मी नळावर गेले आणि ओकले. सकाळपासून पोटात चहाच होता. ती माझी पिशवी धरून बाजूला उभी राहिली आणि तोंड धुवायला मला पाणी ओतून दिलं. परतीच्या बसने साकोली गाठली. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मॅडम, तुमी सांगतलं काऊन नाही?"

मी म्हणाले, "घाबरले."

"हं," ती म्हणाली. देवरीला उतरेपर्यंत तेवढंच.

निकालाचं पत्र काही महिन्यांनी आलं. तिने ते मला वाचायला आणून दिलं, स्वतः बसली नाही. दावा अमान्य. कारणं एकाखाली एक: भाषा अवगत नाही, कुलदैवतांबाबत विसंगत माहिती दिली, घरातील हिंदू देवतेची प्रतिमा हेतुपुरस्सर काढून टाकल्याचे दिसते. पत्राचा कागद गुळगुळीत होता आणि मराठी शुद्ध. त्या शुद्ध मराठीचीच मला किळस आली. एका घराने स्वतःला काय म्हणायचं ते सात ओळींत पुसून टाकलं होतं आणि एकही वेलांटी चुकली नव्हती. बी.एड.ची जागा गेली.

त्या तीनपैकी दोन कारणं मी पुरवलेली होती.

तिच्या बापाने कोर्टाचं नाव काढलं नाही. म्हणाला, "आमी कोन आहो ते जंगलाले मालूम आहे. साहेबाले नसन तं नसो." पण तिच्या काकाने ऐकलं नाही. त्याने गोंदियातला एक वकील गाठला. वकील मला भेटायला आले आणि म्हणाले, तुम्ही शपथपत्र द्या, की पढवलं तुम्ही. मी हो म्हणाले. आणि ते दिलं नाही. आधी परीक्षा होत्या, मग नेमणुकीचा नवा आदेश यायचा होता, मग माझ्या मुलाला टायफॉइड झाला. एक वर्ष मी असं काढलं. प्रत्येक कारण खरं होतं, हे त्यातलं सर्वांत घाणेरडं.

त्याच वर्षी मी वर्गात अथेन्स नगराचा नागरिकत्वाचा कायदा शिकवला. आई आणि बाप दोघंही तिथलेच असतील तरच मूल तिथलं. ज्या पुढाऱ्याने तो कायदा आणला, त्याची स्वतःची लग्नाची मुलं पुढे साथीत मेली, आणि परगावच्या बाईपासून झालेला एक मुलगा उरला. मग तो लोकांपुढे गेला, रडला, आणि लोकांनी त्याच्या मुलापुरता अपवाद केला. कायदा मात्र तसाच राहिला. मुलं लिहून घेत होती. कोणी काही विचारलं नाही. मी दोनदा थांबून बघितलं, की कोणी विचारेल का. मग तास संपला.

शेवटी शपथपत्र मी दिलं, नोकरी कायम झाल्यावर. त्यामुळे त्यात धैर्याचं काही नव्हतं. वकिलांनी ते फाईलला लावलं. कोर्टाने प्रकरण समितीकडे फेरसुनावणीला परत पाठवलं, आणि तिथेही ते शपथपत्र कोणी वाचलं असं मला वाटत नाही. कारण दरम्यान तिच्या त्याच काकाच्या मुलाला, त्याच आजोबाच्या त्याच कागदावर, दुसऱ्या कुठल्या तरी समितीने वैध ठरवलं. चुलतभाऊ गोंड ठरला म्हटल्यावर ही आपोआप ठरली. यावेळी देव किती, हे कोणी विचारलं नाही. प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा तिच्या वयाची तीन-चार वर्षं गेली होती. त्यात ती दोन पावसाळे धानाच्या रोवणीला गेली, एका खाजगी शाळेत नाममात्र पगारावर शिकवलं, आणि एक सोयरीक मोडली, कारण मुलाकडच्यांना कळलं होतं की ही 'अमान्य' आहे. तिच्याच लोकांनी तिला साहेबाच्या कागदावरून तोललं. हे ऐकलं तेव्हा मला त्या समोशाच्या तेलापेक्षाही जास्त ओंगळ वाटलं.

बी.एड. तिने परत केलं नाही. वनरक्षकाची भरती निघाली, त्यात धावली आणि लागली.

दोन हजार बारा-तेराच्या हिवाळ्यात मी मुलांची सहल घेऊन नवेगाव बांधला गेले. मुलं तलावाच्या पाळीवर पक्षी बघत होती. खाकी गणवेशातली एक बाई सायकल हातात धरून आमच्याकडे आली आणि एका मुलाला म्हणाली, "पिशवी इथं टाकू नको, उचल." मग तिने मला पाहिलं.

"नमस्कार, मॅडम."

आम्ही थोडा वेळ पाळीवर उभ्या राहिलो. तिचं लग्न झालं होतं, मुलगी तीन वर्षांची होती. बाप बरा होता, गुडघे दुखत होते. मी खूप दिवस मनात ठेवलेलं वाक्य बोलायला गेले, की त्या दिवशी मी जे केलं त्याबद्दल. तिने मला मधेच थांबवलं.

"राहू द्या ना, मॅडम. तुमचा राग नाही मले. तुमी भेल्या, भेतात मानसं." मग म्हणाली, "पन मले माझाच राग येते. घरी सहा मालूम होते, आन् मी तुमचं ऐकून सात म्हणलो. साहेबासमोर नाई, बडादेवासमोर खोटं बोललो मी. ते काई निंघून नाही राहिलं मनातून."

मी म्हणाले, "घरी ये ना एकदा. मुलीला घेऊन."

"बघू," ती म्हणाली. न येणाऱ्या माणसाचं 'बघू' मला ओळखता येतं.

तिने सायकल वळवली. ज्या मुलाला तिने पिशवी उचलायला लावली होती तो माझ्याजवळ येऊन विचारू लागला, "मॅडम, त्या तुमच्या ओळखीच्या आहेत का? आमच्याच जातीच्या असतील, आडनाव आमचंच आहे बिल्ल्यावर." मी त्याला म्हणाले, तू तुझ्या गटात जाऊन बस.